तालुक्याचा मृत्यूदर कमी दिसतोय? मग आधी नोंद कुठे झाली ते बघा

नवी मुंबई : कोणत्या जिल्ह्यात माणसं जास्त मरतात आणि कोणत्या जिल्ह्यात कमी, असे रंगीत तक्ते मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. लाल जिल्हा वाईट, हिरवा जिल्हा चांगला. गावच्या ग्रुपवर त्यावरून वादही होतात. पण हा दर काढतात कसा, आणि एका जिल्ह्यात तो ५ आला तर दुसऱ्यात ९ का येतो, हे माहीत नसलं तर तक्ता उलटा वाचला जातो. त्यात नुकसान आपल्याच वाड्या-पाड्यांचं होतं. उपकेंद्र मागा, रुग्णवाहिका मागा, डॉक्टरची रिकामी जागा भरा म्हणा, समोरून आकडाच दाखवला जातो की तुमच्याकडे तर मृत्यू कमी आहेत. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

दर म्हणजे नेमकं काय

एका वर्षात दर हजार लोकांमागे किती मृत्यू झाले, तो मृत्यूदर. सरकारी कागदात याला अशोधित मृत्यूदर म्हणतात, आपण ढोबळ दर म्हणू. २०२० साली देशाचा हा दर ६ होता आणि महाराष्ट्राचा ५.५. हे आकडे येतात नमुना नोंदणी पद्धतीतून. देशाच्या महानिबंधकांचं कार्यालय ठराविक गावं आणि शहरांतले ठराविक भाग निवडतं, तिथे एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत राहतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन वेगळी पाहणी करतो, आणि मग दोन्ही याद्या ताडून बघतात. पद्धत चांगली आहे. पण नमुना एवढाच असतो की राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. तालुक्याची तर बातच सोडा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचंही तसंच. जिल्ह्याच्या पत्रकात लसीकरण, रक्तक्षय, बाळंतपण सगळं मिळतं, मृत्यूदर मिळत नाही. मधे २०१० ते २०१३ या काळात केंद्राने वार्षिक आरोग्य सर्वेक्षण नावाची मोठी पाहणी केली, त्यात जिल्ह्या-जिल्ह्याचे मृत्यूदर निघाले. पण ती बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा अशा नऊ राज्यांपुरती होती. महाराष्ट्र त्यात नव्हता.

मग आपल्या जिल्ह्याचा म्हणून जो आकडा फिरतो तो येतो कुठून? बहुतेक वेळा नोंदणीतून. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्या जन्म-मृत्यू रजिस्टरातून. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) निबंधक असतो, ही सगळी माहिती पुण्याच्या राज्य कार्यालयात जमा होते. खरी मेख याच रजिस्टरात आहे.

म्हातारा जिल्हा, तरुण जिल्हा

आधी वयाचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

समजा दोन तालुके आहेत, दोन्हीची लोकसंख्या एक-एक लाख. पहिल्यात साठीच्या पुढचे फक्त ५ हजार, बाकी ९५ हजार तरुण आणि मुलं. दुसऱ्यात साठीच्या पुढचे २० हजार. आता पहिल्या तालुक्यात साठीच्या आतले हजारी ३ मरतात आणि साठीच्या पुढचे हजारी ५०. म्हणजे २८५ अधिक २५०, एकूण ५३५. दर आला ५.३५. दुसऱ्या तालुक्यात दवाखाना बरा आहे, तिथे साठीच्या आतले हजारी २ च मरतात आणि पुढचे हजारी ४०. म्हणजे १६० अधिक ८००, एकूण ९६०. दर ९.६. तक्त्यात दुसरा तालुका लाल दिसणार, पहिला हिरवा. प्रत्यक्षात दोन्ही वयांत माणूस दुसऱ्या तालुक्यात जास्त जगतोय.

ही उदाहरणाची आकडेमोड झाली, पण खऱ्या जगातही हेच दिसतं. २०२० ला केरळचा मृत्यूदर ७ होता आणि बिहारचा ५.४. आता केरळपेक्षा बिहारची तब्येत चांगली असं कोणी म्हणेल का? त्याच वर्षी केरळात जन्मलेल्या हजार बाळांमागे वर्षाच्या आत ६ दगावली, बिहारात २७. केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत, म्हणून मृत्यू जास्त.

आपल्या कोकणात हेच चित्र आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कमावती माणसं कित्येक पिढ्या मुंबईला, आता ठाणे-नवी मुंबईला येतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या आणि ठाणे जिल्ह्यात ८८६. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली, ठाण्याची ३६ टक्क्यांनी वाढली. घरी राहिली आई, आजी, निवृत्त होऊन परतलेले बाबा. अशा जिल्ह्याचा ढोबळ दर वरच जाणार. आणि ऐरोली, घणसोली, खारघर, कामोठे इथे पंचवीस-तीस वर्षांची जोडपी भाड्याने राहतात, तिथला दर खालीच दिसणार. त्यात महापालिकेची कर्तबगारी थोडी, वयाचा भाग मोठा.

यावर उपाय आहे, त्याला वयानुसार प्रमाणित दर म्हणतात. दोन्ही तालुक्यांची वयरचना सारखीच आहे असं धरायचं आणि परत गणित करायचं. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे ९० हजार तरुण आणि १० हजार म्हातारे धरा. पहिल्याचा दर येतो ७.७ आणि दुसऱ्याचा ५.८. तक्ता सरळ झाला. मोबाईलवर आलेल्या तक्त्याखाली 'वयानुसार प्रमाणित' असं लिहिलेलं नसेल तर त्यावरून जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करू नका.

माणूस कर्जतचा, नोंद नवी मुंबईची

कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद माणूस जिथे मेला तिथे होते, तो राहतो तिथे नाही. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी जिथे पहिली थांबेल तिथे. हा नियम नोंदणीसाठी सोयीचा आहे, पण जिल्ह्याचे दर बघताना यानेच सगळी उलथापालथ होते.

आपला भाग बघा. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली, ती ठाणे जिल्ह्यात. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, ती रायगड जिल्ह्यात. खाडीच्या अल्याड-पल्याड असलेलं शहर लोकांच्या बोलण्यात एकच, जिल्हे मात्र दोन. उरण, कर्जत, खालापूर, पेणचा पेशंट सिरियस झाला की तो वाशी, नेरुळ नाहीतर कामोठ्याला नेतात. वाशीत किंवा नेरुळला तो गेला तर मृत्यू नवी मुंबई महापालिकेच्या, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या रजिस्टरात. माणूस रायगडचा, मृत्यू ठाण्याचा. उलटंही होतं. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कॅन्सर केंद्र आहे, तिथे देशभरातून लोक येतात. त्यातल्या कोणाचा तिथे मृत्यू झाला तर नोंद पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगडात. द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ अपघात होतो, गाडीतले लोक पुण्याचे नाहीतर मुंबईचे, मृत्यू खालापूर तालुक्यात लिहिला जातो.

पालघर जिल्ह्यात तर याहून अवघड आहे. मोखाड्याचा पेशंट नाशिकला पाठवतात, तलासरी-डहाणूचा बऱ्याचदा सिल्वासा किंवा वलसाडला. म्हणजे मृत्यूची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातच नव्हे तर महाराष्ट्राच्याच बाहेर. जिथे चांगला दवाखाना नाही त्या तालुक्याचा मृत्यूदर कागदावर कमी, आणि जिथे मोठा दवाखाना आहे तिथला जास्त. दवाखान्यामुळे माणसं मरतात असा अर्थ काढायचा का मग!

कोरोनाच्या काळात राज्याचं रोजचं पत्रक ज्यांनी बघितलं असेल त्यांना आठवेल. ठाणे, ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा, रायगड, पनवेल मनपा अशा वेगवेगळ्या ओळी असायच्या. त्या ओळी शेजारी-शेजारी ठेवून कोण हरलं कोण जिंकलं असं तेव्हा बरंच बोललं गेलं.

याला तोड आहे. मृत्यू नोंदणीच्या फॉर्ममध्ये मृत व्यक्तीचं राहण्याचं गाव किंवा शहर विचारलेलं असतं. तो रकाना नीट भरला तर पुढे मृत्यू गावानुसार वेगळे काढता येतात. पण दवाखान्यात त्या गडबडीत नातेवाईक काय सांगतात? वाशीतल्या भाच्याचा पत्ता, नाहीतर पनवेलच्या खोलीचा. आधार कार्डावर जो असेल तो. झालं, गावाचा मृत्यू शहराचा झाला.

जिल्ह्याची सरासरी तालुक्याला गिळते

पीकविमा घेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या खाचरात भात आडवं झालं, पण मंडळाची सरासरी चांगली निघाली की भरपाई नाही. मृत्यूदराचंही असंच होतं.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, देशात सगळ्यात मोठा. त्यातले साधारण ३० लाख पालघरला गेले. म्हणजे २०१४ च्या आधीचा ठाण्याचा दर आणि नंतरचा दर यांची तुलनाच होत नाही, जव्हार-मोखाडा-विक्रमगड त्यातून निघून गेले. आता पालघरमध्ये तरी त्यांचं दुःख दिसतं का? मोखाडा तालुका ८३ हजारांचा आणि वसई तालुका १३ लाखांच्या वर. समजा मोखाड्यात एखाद्या वर्षी मृत्यूदर हजारी ३ ने वाढला, म्हणजे जवळजवळ २५० माणसं जास्त गेली. जिल्ह्याच्या दरात फरक पडेल हजारी ०.०८ चा. कोणाच्या लक्षातही येणार नाही. रायगडात पनवेल तालुका एकटा साडेसात लाखांचा होता २०११ ला, त्याच्यापुढे सुधागडच्या नाहीतर म्हसळ्याच्या आकड्याला काय वजन राहणार.

वावर-वांगणी हे नाव जुन्या लोकांना आठवत असेल. जव्हार तालुक्यात १९९२ साली कुपोषणाने आणि आजाराने शंभराहून जास्त मुलं गेली तेव्हा सगळं सरकार तिथे धावलं. ते बाहेर आलं ते जिल्ह्याच्या मृत्यूदरातून नाही.

उलट चूकही होते, ती लहान आकड्यांची. दोन हजार वस्तीच्या गावात एका वर्षी १२ मृत्यू, पुढच्या वर्षी २०. दर ६ वरून १० वर गेला. साथ आली का? नाही, सहा म्हातारे एका थंडीत गेले आणि दोघांचा रस्त्यावर अपघात झाला, एवढंच असू शकतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. साधारण दोन लाखांच्या तालुक्यात ८४ म्हणजे एका वर्षाचा दर एकदम हजारी ०.४ ने वर. दुसऱ्या वर्षी तो खाली आला म्हणून आरोग्य सुधारलं असं होत नाही. गाव-तालुक्याचा आकडा बघायचा तर तीन वर्षांची, जमलं तर पाच वर्षांची बेरीज करून बघावी.

अजून एक गोची म्हणजे भागाकार. मृत्यू भागिले लोकसंख्या, पण लोकसंख्या कुठली? २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. नवी मुंबई २०११ ला ११ लाख २० हजार होती, त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते आपण बघतोच. जुन्या लोकसंख्येने भागलं तर वाढत्या शहराचा दर उगीच फुगतो आणि ओस पडणाऱ्या कोकणी तालुक्याचा उगीच कमी दिसतो.

जे लिहिलंच गेलं नाही

जन्मून एक-दोन दिवसांत गेलेलं बाळ. आपल्याकडे त्याला पुरतात आणि विषय बंद करतात. जन्माची नोंद नाही, मृत्यूचीही नाही. नियम असा आहे की बाळाने एक श्वास जरी घेतला असेल तरी जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवायचे. पोटातच गेलेलं असेल तर मृतजन्माचा फॉर्म वेगळा.

या न लिहिलेल्या मृत्यूंवर महाराष्ट्रात मोठं काम झालं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांत स्वतःची नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा १९८८ साली बालमृत्यूदर निघाला हजारी १२१. पुढे राज्य सरकारच्या बालमृत्यू मूल्यमापन समितीचे अध्यक्षही डॉ. अभय बंग होते. महाराष्ट्रात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होतात असा अंदाज तेव्हा पुढे आला, आणि सरकारी कागदावर त्यापेक्षा खूपच कमी होते. कागदावर मूल मेलेलं नसेल तर औषध तरी कोणासाठी मागणार?

मोठ्या माणसांच्या बाबतीत नोंद आता बरी होते, कारण सातबारावर वारस लावायला, विम्याला, पेन्शनला दाखला लागतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, विमा नाही, त्याची नोंद राहते. वीटभट्टीवर गेलेला कातकरी, ऊसतोडीला गेलेली बाई. आणि कारणाची नोंद तर अजूनच कमी. २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण फक्त २२.५ टक्के मृत्यूंना होतं. बाकीचे म्हातारपण, ताप, छातीत दुखलं असेच.

खरा फरक कुठला

वय बाजूला केलं, नोंदीचा घोळ काढला, तरी जिल्ह्या-जिल्ह्यात फरक उरतोच. तोच महत्त्वाचा, आणि तो कमी करता येतो हे सिद्ध झालेलं आहे.

गडचिरोलीतच बघा. 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९७-९८ पर्यंत ३९ गावांत महिन्याच्या आत मरणारी बाळं हजारी २५ वर आली, ४७ गावांत तो दर ६० च्या आसपासच राहिला. जिल्हा एकच, लोक तसेच, जंगल तेच. १९९९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात हे छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताईंना हेच काम दिलं गेलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात.

दुसरं उदाहरण रायगडचंच. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातला लाल विंचू चावला की तेव्हा गंभीर झालेले शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावायचे. रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरून बघितली, अभ्यास लिहून ठेवला, आणि वेळेत गोळी मिळालेल्या रुग्णांत मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हा फरक हवापाण्याने पडलेला नाही. गोळी माहीत असलेला डॉक्टर तालुक्यात होता म्हणून पडला.

बाळंतपणातल्या मृत्यूंत महाराष्ट्र देशात वरच्या नंबरात आहे, २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ माता, केरळच्या १९ नंतर आपणच. पण लाखात ३३ हा राज्याचा आकडा. पावसाळ्यात झोळी करून बाई खाली आणावी लागते त्या वाडीचा आकडा वेगळा असणार, आणि तो वेगळा काढलाच पाहिजे.

नोंद करताना

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत कळवायचं, तोपर्यंत नोंदणीला पैसे लागत नाहीत. सांगण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मग हेलपाटे सुरू.

दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद पाठवणं दवाखान्याचं काम आहे, दाखला त्या महापालिकेकडून मिळतो, गावच्या ग्रामपंचायतीकडून नाही. तिथे फॉर्म भरताना राहण्याचं गाव, तालुका, जिल्हा नीट सांगा, कारण रजिस्टरात तेच राहतं. पत्ता चुकला असेल तर निबंधकाकडे पुरावा देऊन दुरुस्ती करता येते, कायद्यात कलम १५ त्यासाठीच आहे. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापून येत नाही, ते कोणाला देऊ नये असा नियमच आहे. त्यामुळे आजार सांगितला तर बदनामी होईल या भीतीने कारण लपवू नका.

गावाचा खरा आकडा हवा असेल तर तीन ठिकाणच्या याद्या जुळवाव्या लागतात : ग्रामपंचायतीचं रजिस्टर, आशाताई-अंगणवाडीची नोंदवही आणि गावाबाहेर दवाखान्यात गेलेल्यांची नावं. शेवटची यादी कुठल्याच कार्यालयात तयार मिळत नाही, पण गावात विचारलं तर अर्ध्या दिवसात होते. ग्रामसभेत आरोग्याचा विषय येतो तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा आरोग्यसेवक बोलावलेले असतात. मागच्या तीन वर्षांत एक वर्षाच्या आतली किती मुलं गेली, किती जण गावाबाहेर नेताना किंवा नेल्यावर गेले, आणि गाडी बोलावल्यापासून दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, हे तीन आकडे त्या दिवशी इतिवृत्तात लिहून घेता येतात.